वाटणीतला लेथ

वर्कशॉपच्या त्या गल्लीत तिला सगळे सूनबाई म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांनी तशी हाक मारली. ती शेजारच्या वेल्डरनं उचलली, वेल्डरकडून रेडिएटरवाल्यानं. आता पन्नाशी उलटली, केस पिकले, स्वतःच्या घरात जावई आला, तरी हाक तीच. अख्खी गल्ली तिचा सासरा होऊन बसली होती. तिनं त्याला कधी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायच्या गोष्टी तिच्याकडे वेगळ्या होत्या.

सासरे टर्नर होते, लेथवर लोखंड कातून इंजिनाचे भाग घडवायचे. त्यांना दोन मुलगे. थोरल्याला ग्रीसच्या वासानं मळमळायचं. तो दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर चिकटला आणि फिनेलच्या वासात सुखी झाला. धाकट्याची सगळी कला तोंडात, हातात काही उतरलीच नव्हती. लेथसमोर उभी राहायला उरली ती थोरल्याची बायको. सासऱ्यांनी तिला शिकवलं ते काही पुढारलेल्या विचारांनी नव्हे. त्यांची नजर जात चालली होती, मशीन बंद पडू द्यायचं नव्हतं, आणि घरात रिकामे हात तेवढेच होते. रिकामे म्हणजे स्वयंपाक, धुणं आणि दोन पोरी सांभाळून उरलेले.

"पदर खोच, वेणी वर बांध, आणि लेथचा चक फिरत असताना कुणाच्याही हाकेला ओ देऊ नकोस," एवढाच त्यांचा उपदेश. यातला शेवटचा भाग तिनं चकपुरता ठेवला नाही.

सासरे गेल्यावर दुकानाचा पुढचा भाग दिराकडे आला; लेथ तिथंच खिडकीपाशी राहिला. त्यानं तयार पार्ट विकायला सुरुवात केली. आधी एक कपाट आलं, मग दुसरं, मग भिंतभर खोकी. खोक्यांवर चकचकीत चित्रं. "आता कोण कापत बसतंय, वहिनी? खोकं उघडायचं, नवं बसवायचं, मोकळं व्हायचं," तो म्हणायचा. दीर वाईट माणूस नव्हता. त्याला लेथकडे पाहिलं की लेथ दिसत नसे, लेथनं अडवलेली जागा दिसे. माणसाची नजर एकदा अशी झाली की त्याच्याशी भांडताही येत नाही.

एका आठवड्याच्या सुरुवातीला लंबू आला. हा ट्रकवाला इतका बुटका होता की सीटवर दोन उशा टाकल्याशिवाय त्याला रस्ता दिसत नसे, म्हणून लंबू. त्याचं इंजिन समोरच्या फिटरकडे उघडून पडलं होतं. जुने पिस्टन घासून चरे पडलेले, आणि त्या मॉडेलचे पिस्टन बनायचे केव्हाच बंद झालेले. मग यानं चार गावं पालथी घालून एका जातीच्या डंपरचे सहा नवे पिस्टन सुटे सुटे जमवले होते. घेर तोच, दांड्याला जोडणाऱ्या पिनचं भोक तेच, फक्त डोकं उंच. तसेच बसवले असते तर वर गेल्यावर सरळ हेडला, म्हणजे इंजिनाच्या झाकणाला, धडकले असते.

"टाळकी उंच आहेत, सूनबाई. तासून द्या," लंबूनं पोतं काउंटरवर ठेवलं.

दीर मध्ये पडला. "काका, तासलेला पिस्टन रस्त्यात फुटला की नाव आमचं जातं. दुसरं इंजिन बघा. तुमचा ट्रक आता दमला."

"मीही दमलोय. मला कुठल्या भंगारात देताय?"

सूनबाईंनी एक पिस्टन उचलला, वरच्या रिंगच्या खाचेपासून डोक्यापर्यंतचं अंतर मोजलं. "वर मांस आहे," त्या म्हणाल्या. "कापता येईल."

लंबू गेल्यावर दिरानं हळूच विषय काढला. "वहिनी, हे शेवटचं काम धरा. जुन्या मशिनींच्या व्यापाऱ्याशी बोलणं झालंय. शुक्रवारी लेथ न्यायला येतायत."

"मला कधी सांगणार होतात?"

"आत्ता सांगितलं ना."

"आणि विचारणार कधी होतात?"

तो हसला. बायकांनी विनोद केला की हसावं तसा. त्या हसल्या नाहीत. तीस वर्षं ज्या लोखंडाला हात लावून दिवस सुरू झाला ते लोखंड शुक्रवारी जाणार, आणि घरातलं जुनं पिंप काढून टाकावं तितक्याच सहजपणे ते ठरलं होतं.

त्यांनी कापायला घेतलं. सासऱ्यांच्या पद्धतीनं पिस्टनचं बूड त्याला पकडून फिरवणाऱ्या चकच्या पायरीला टेकवायचं, बुडापासून उंची घ्यायची, आणि डोक्यावरून पातळ पातळ थर काढत यायचं. अल्युमिनियमचे छिलके पांढऱ्या कुरळ्या केसांसारखे पायाशी पडत गेले. पिस्टनच्या डोक्यात वाटीसारखा खळगा असतो, त्याची कड कापल्यानंतर ब्लेडसारखी धारदार होते. ती गोल केली नाही तर आत तापून लाल होते आणि तिथूनच तडा जातो. सहाही कडा त्यांनी हातानं कानशीवर घासून मोडल्या. मग वाण्याचा तराजू आणून पिस्टन तोलले, आणि जड होते त्यांच्या पोटातून थोडं थोडं काढून सगळ्यांचं वजन एक केलं.

शुक्रवारी फिटरनं पिस्टन ब्लॉकमध्ये सोडले. प्रत्येकाच्या डोक्यावर पोरांच्या खेळण्यातल्या रंगीत मातीची गोळी ठेवली, हेड बसवून आवळलं, आणि लांब पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. हेड परत उचललं की दबलेल्या मातीची जाडी म्हणजे पिस्टन आणि हेडमधली जागा.

चार गोळ्या सारख्या दबल्या होत्या. एक कागदासारखी पातळ झाली होती. आणि एक भाकरीसारखी जाड राहिली होती.

दीर तिथंच होता, सोबत व्यापारी आणि त्याची दोन माणसं, लोखंडी पाइप आणि साखळ्या घेऊन. "बघा," दीर लंबूला म्हणाला, "मी बोललो होतो."

सूनबाईंनी ते दोन पिस्टन बाहेर काढायला लावले, शेजारी शेजारी उभे केले आणि दोघांच्या बुडावर मोजपट्टी धरली. मग स्वतःशीच मान हलवली. सहा पिस्टन चार गावांतून आलेले. एकाचं बूड बाकीच्यांपेक्षा थोडं आखूड होतं, एकाचं थोडं लांब. बुडापासून मोजून सगळे एका उंचीचे केले, म्हणजे पिनच्या वरचा भाग एकाचा जास्त राहिला आणि एकाचा कमी झाला.

"पिस्टन पिनवर लटकतो," त्या म्हणाल्या. "बुडावर उभा राहत नाही. पिनपासून मोजायला हवं होतं."

"ही तर बाबांची पद्धत," दीर म्हणाला. "बाबांचं कधी चुकलं नाही."

"मामंजींकडे सहाही पिस्टन एकाच पेटीतून यायचे. पद्धत त्यांची, पण डोळे झाकून वापरली मी. चूक माझी." त्या लंबूकडे वळल्या. "उंच राहिलाय तो आणखी कापता येईल. जास्त कापलाय त्याला परत उंची देता येणार नाही. दुसरा मिळेल?"

"हेच सहा कसे मिळाले ते मला विचारा," लंबू म्हणाला.

"मग एक तसाच सोडू," फिटरनं सुचवलं. "पाच तर ओढतील."

"लंगडत ओढतील. नाही. बाकीच्या पाचांना त्याच्या पातळीवर खाली आणते."

दीर व्यापाऱ्याकडे बघून म्हणाला, "ऐकलंत? एकाचं बिघडलं म्हणून सगळ्यांचं बिघडवणार."

"हो. सगळे सारखे कमी, म्हणजे कुणीच कमी नाही. काका, आतला दाब थोडा घटेल, म्हणून थंडीत इंजिन चालू व्हायला थोडी कुरकुर करेल. पण चढावर दगा देणार नाही."

लंबूनं दाढी खाजवली. "कुरकुर तर घरीही ऐकतो. कापा."

व्यापारी खाकरला. "मग मशीन आज न्यायचं, की ताई काम उरकतायत तोवर थांबू?"

"थांबायचं काही कारण नाही," सूनबाई म्हणाल्या. "मशीन जाणार नाही. भाऊजी, मला वाटणी हवी."

गल्लीतला वेल्डर हातातलं काम टाकून वळला.

"वाटणी?" दिरानं व्यापाऱ्याकडे पाठ केली. "वहिनी, आज? ही चूक समोर पडलेली असताना?"

"आजच. घर नको, दागिने नकोत, तुमच्या खोक्यांतलं एकही खोकं नको. लेथ द्या."

"लोक काय म्हणतील? थोरली सून भर गल्लीत वाटणी मागते?"

"लोक इथंच उभे आहेत. विचारून घ्या."

लोकांनी नजर फिरवली. तेवढ्यात दवाखान्यातून जेवायच्या सुट्टीत आलेला थोरला भाऊ नाकाला रुमाल लावून फिटरच्या दारात उभा राहिला. दिरानं त्याच्याकडे धाव घेतली. "दादा, ऐकतोयस ना? तुझी बायको वाटणी मागतेय. मागायची तर तू मागायचीस."

"मी काय करू मागून? मला लेथजवळ उभंसुद्धा राहवत नाही." रुमालाआडून त्याचा आवाज बसका येत होता. "हात कुणाचे काळे झाले ते बघ, आणि देऊन टाक. मला मळमळतंय."

"आणि इंजिन नाही चाललं तर?" दीर हट्टाला पेटला. "मग कुठल्या तोंडानं मागाल?"

"याच तोंडानं. इंजिन चाललं तरी लेथ माझा, नाही चाललं तरी माझा. तुम्ही चुकलात म्हणून तुमचं दुकान कुणी काढून घेतलं का? गेल्या वर्षी वेगळ्याच गाडीचे गॅस्केट दिलेत, ते गिऱ्हाइक अजून शिव्या घालत असेल."

वेल्डर हसला आणि पटकन खोकल्यासारखं केलं. व्यापाऱ्यानं आपल्या माणसांना साखळ्या गोळा करायला सांगितलं. घरगुती भांडणात लोखंड जड होतं, हे त्याला अनुभवानं माहीत असावं.

सूनबाईंनी आधी पिस्टनला पिनच्या भोकातून घट्ट धरणारा एक जोड तयार केला, मग एकेक पिस्टन त्यावर चढवून कापला. कडा पुन्हा मोडल्या, वजन पुन्हा जुळवलं. दुसऱ्या दिवशी मातीच्या सहा गोळ्या सहा जुळ्या बहिणींसारख्या दबलेल्या निघाल्या. सूनबाईंनी माती गोळा करून फिटरला परत दिली, कारण ती त्याच्या नातीची होती.

ट्रक चालू करायच्या दिवशी सकाळी हवा गार होती. स्टार्टर फिरत राहिला, पांढरा धूर गल्लीभर पसरला, इंजिन पकडेना. दीर काउंटरवर कोपर टेकून पाहत होता. लंबूनं उशा सरळ केल्या, पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन दोनदा शिंकलं, तिसऱ्यांदा गुरगुरलं, आणि मग एका लयीत चालू लागलं. धूर पातळ होत गेला.

"आळशी आहे हो," लंबू वरून म्हणाला.

"आळशीच राहील. तुम्ही लवकर उठा," सूनबाई म्हणाल्या, आणि ट्रक गल्लीबाहेर पडायच्या आधीच आत वळल्या.

दीर मागून आला. आवाज खाली आणून म्हणाला, "ठीक आहे. लेथ तुमचा. पण मग तो मागच्या खोलीत न्यावा लागेल. पुढं गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा नाही."

"मागं खिडकी नाही. कापताना मला दिवसाचा उजेड लागतो."

"मग?"

"मग कपाटं मागं न्या. खोक्यांना अंधारात काही होत नाही."

त्यानं पहिल्या कपाटाला हात घातला आणि ओढायला लागला. कपाट जागचं हलेना. सूनबाईंनी पदर खोचला आणि दुसरं टोक धरलं.

"उचला, भाऊजी. फरशीवर ओढू नका."