गाडीखालच्या रमाक्का

रमाक्का कुठलीही गाडी समोरून बघत नसत. मालक बॉनेट उघडून कौतुक सांगायला लागला की त्या खताचं रिकामं पोतं जमिनीवर टाकत, साडीवर चढवलेल्या खाकी शर्टाच्या बाह्या वर करत आणि पाठीवर सरकत थेट चेसीखाली जात. मग खालून आवाज यायचा, "वरचं तोंड समदेच धुत्यात. खालचं कोण बघतंय?"

उदगीरमधल्या एका शाळेत मी क्लार्क. शाळेच्या बसेसची कागदपत्रं आणि दुरुस्त्या तेव्हा माझ्याकडे होत्या. पहिल्यांदा बस घेऊन देगलूर रस्त्यावरच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो, तेव्हा इस्त्रीच्या शर्टात बाजूला उभा होतो.

"तिथून काय बघायलाव?" त्या खालून म्हणाल्या. "या की खाली."

मी कसाबसा वाकलो. त्यांनी माझं बोट धरून चेसीच्या खाचेत फिरवलं. वाळलेल्या चिखलाखाली लोखंडाचे पापुद्रे सुटत होते. "आधी जंग खरवडायचा, मंग रंग. जंगावरच रंग मारला का ते आत मजेत ऱ्हातंय."

आणि त्या खरवडायच्या. तारेच्या ब्रशने, ग्राइंडरने, कोपऱ्यात हाताने पॉलिशपेपर घासून, लोखंड चकाकेपर्यंत. त्यावर गंजाचं औषध, रेड ऑक्साइडचे दोन हात, शेवटी काळा रंग आणि सांध्यांत ग्रीस. पाणी निघून जायची बारीक भोकं तारेने मोकळी केल्याशिवाय गाडी शेडबाहेर जात नसे. घाई करणाऱ्याला एकच उत्तर मिळे, "वाळू द्या. न्हाईतर तशीच घेऊन जावा."

हे काम मूळ त्यांच्या नवऱ्याचं. तो वेल्डिंग करायचा, रमाक्का गाडीखाली दिवा धरून पडायच्या. तो अचानक गेला आणि महिन्याभरात त्यांनी शेड पुन्हा उघडलं. पेंटरने पाटीवर मालकाचंच नाव ठेवू का विचारलं, तर म्हणाल्या, "आता गाडीखाली कोण जाणार हाय? तिचंच नाव लिव्ह." समोरच्या हॉटेलात चहा पिणारे बाई गाडीखाली झोपते म्हणून दात काढायचे. एकदा ग्राइंडर हातात घेऊनच त्या रस्ता ओलांडून गेल्या. "जागा लई हाय खाली. कोण येतंय?" कुणी उठलं नाही.

एका ट्रकमालकाने सगळं ठरल्यावर पूर्ण नाव विचारलं. "रमा कांबळे," त्या म्हणाल्या. तो घुटमळला. त्यांनी त्याच्या डोळ्यात बघून विचारलं, "गाडी लावायची का न्यायची? तिसरं काई विचारू नका." ट्रक तीन दिवस शेडमध्ये होता. त्याचं काम त्यांनी इतरांसारखंच केलं, ना कमी ना जास्त.

मग आमच्या संस्थेच्या सचिवांनी समुद्राकाठच्या एका गावातून दोन जुन्या बसेस स्वस्तात आणल्या. पिवळा रंग ताजा, सीटवर नवी कव्हरं. चार दिवसांवर आरटीओचं पासिंग होतं. "खालून काळं मारून घ्या," एवढाच मला निरोप होता.

रमाक्का पोत्यावर सरकल्या आणि हातोडीने ठोकत ठोकत मागे गेल्या. टण, टण, टण. मागच्या चाकाजवळ, जिथे स्प्रिंगच्या पाट्यांचा ब्रॅकेट चेसीला धरतो, तिथे आवाज बसका झाला. त्यांनी जरा जोराने मारलं तर हातोडी आतच गेली. तपकिरी भुगा त्यांच्या तोंडावर पडला. दुसऱ्या बसचीही तीच गत. बाहेर येऊन त्यांनी फडक्याने डोळे पुसले. "हे लोखंड न्हाई ऱ्हायलं. खाऱ्या हवेनं खाल्लंय समदं. ह्याला रंग न्हाई मारणार मी."

सचिव स्वतः शेडवर आले. "बाई, तुमचं काम रंग मारायचं. तपासायचं नाही."

"माझं काम जंग काढायचं हाय साहेब. ह्यातला जंग काढला तर मागं गाडीच उरत न्हाई."

"मग आमची एकही गाडी इथं येणार नाही. अकराच्या अकरा दुसरीकडं जातील."

"जाऊ द्या." त्यांनी हातोडी खाली ठेवली नव्हती. "पर ह्या दोन गाड्यांनी लेकरं घेऊन जाऊ नये."

दोन्ही बसेस दुसऱ्या गॅरेजात काळ्या होऊन आल्या. सोमवारी पालकांची सभा होती. नव्या गाड्या दाखवायला त्या मैदानात उभ्या केल्या होत्या, नारळ फोडायचा होता. सचिव बोलत असताना रमाक्का मधल्या वाटेने सरळ पुढे आल्या. शिपाई अडवायला धावला, त्याला म्हणाल्या, "सरक." टेबलावर रुमाल सोडला. त्यात त्या दिवशी ठोकताना सुटलेला चेसीचा तळहाताएवढा तुकडा होता. तो त्यांनी उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा मुठीत दाबला. बिस्किटासारखा चुरा झाला.

"हे त्या गाडीच्या पोटातलं हाय. वरून काळं केलंय. तुमची लेकरं ह्याच्यावर बसणार हायत."

"बाईचं काम काढून घेतलं म्हणून ही नाटकं!" सचिव ओरडले. पहिल्या रांगेतली एक आई माझ्याकडे वळली. "गाड्यांचं तुम्हीच बघता ना? खरं हाय का हे?"

माझी नोकरी समोर टेबलामागे उभी होती. रमाक्का माझ्याकडे बघतही नव्हत्या, त्यांना माझी गरजच नव्हती. त्याचीच मला लाज वाटली असावी. मी उठून म्हणालो, "खरं आहे. हातोडी आत जाताना मी पाहिली."

नारळ फुटला नाही. पालकांनी बसेस गेटाबाहेर जाऊ दिल्या नाहीत. त्या पुढे भंगारातच गेल्या. मला गाड्यांवरून काढून आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. बाकीच्या गाड्या सचिवांनी बोलल्याप्रमाणे दुसरीकडे नेल्या. शेडमध्ये बरेच दिवस सामसूम होती. मी हळहळलो तर त्या माझ्यावरच उखडल्या, "रडायलाव कशाला? ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना जंग येत न्हाई व्हय?" ट्रॉल्या आल्या, आडतीवरचे टेम्पो आले, आणि शेड पुन्हा भरलं.

काही वर्षांनी सचिव बदलले. नव्यांनी गाड्यांचं काम पुन्हा रमाक्कांना द्यायचं ठरवलं आणि पत्र माझ्या हाती दिलं. तोवर त्या लातूरच्या दवाखान्यात होत्या. इतक्या वर्षांच्या धुळीने छाती धरली होती. नाकात नळी, बोलताना धाप. लेकीने उशी उंच केली आणि त्यांनी पत्र स्वतः वाचलं, दोनदा.

"आपली चूक झाली, आसं कुठं लिवलंय ह्याच्यात?"

"संस्था तसं लिहीत नसते, अक्का."

"मंग मी बी येत नसते." त्यांनी पत्र माझ्या छातीवर टेकवून परत दिलं. "तसंच सांगा त्यांना. माझ्याच शब्दात."

पाचव्या दिवशी त्या गेल्या. अंत्यविधी आटोपून मी उदगीरला परतलो. दुसऱ्या दिवशी ते पत्र फाइलला लावलं आणि शेऱ्यात लिहिलं, 'चूक मान्य केल्याशिवाय काम करणार नाहीत.' सचिवांनी वाचून चष्मा काढला. "अहो, त्या बाई तर वारल्या ना? मग 'वारल्या' असं लिहा. नकार कशाला?"

"नकार आधी दिला होता, साहेब," मी म्हणालो. "त्या नंतर वारल्या."

शेरा मी बदलला नाही.