ग्वेनह्लिअन आजींना हाक

तुम्ही कधी नोकरीत तीन महिने कुणाचंही नाव न घेता काढलेत? मी काढलेत! आयर्लंडमधल्या एनिस गावातल्या आमच्या वृद्धांच्या केअर होममध्ये चहाच्या सुट्टीत किस्से निघाले, की पहिला मान माझाच.

*

रुजू झाले तेव्हा शिव्हॉन, आमची सुपरवायझर, म्हणाली, "इथे प्रत्येकाला नावानं हाक मारायची. तीन महिने बघते, मग पक्कं करते." आता नव्वदीच्या बायकांना नावानं? माझी जीभच उचलेना. मी सगळ्यांना "आजी" म्हणू लागले. जेवणाच्या हॉलमध्ये एकदा हाक मारली, की अकरा जणी वळायच्या!

*

त्यातल्या एक वेल्सच्या, इतिहासाच्या शिक्षिका. नाव ग्वेनह्लिअन. सगळे म्हणत 'ग्वेन'. आमचे नागपूरचे डॉक्टरही म्हणाले, "ग्वेन, कशा आहात?"

आजी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ती आली की विचारून सांगते!"

*

शिव्हॉन वैतागली. "ग्वेन सोपं आहे ना!"

"तुझं नाव जसं लिहितात तसंच 'सिओभान' म्हटलं, तर चालेल तुला?" आजींनी विचारलं.

"फेअर इनफ," म्हणून शिव्हॉन निघून गेली.

*

एकदा केस विंचरताना मीच विषय काढला. आजी खुलल्या. अंगहराद, नेस्ट, तांगविस्टल... सगळी शेकडो वर्षांपूर्वीच्या वेल्समधल्या बायकांची नावं. "आणि ग्वेनह्लिअन फौज घेऊन लढली होती! तिला अर्धं करतात?" मग मला शिकवलं, "ल म्हणायला जीभ टेकव, आणि बाजूनं नुसती हवा सोड."

घरी सराव सुरू झाला. नवरा म्हणाला, "कुकर झाला वाटतं!" इथल्या मुलांसारखी आईला 'मॅम' म्हणणारी लेक टोस्ट झाकत ओरडली, "मॅम, नॉट ऑन माय टोस्ट!"

*

तीन महिने संपले त्या दुपारी शिव्हॉन कागद घेऊन आली. "नाव घेतल्याशिवाय मला सही करता येणार नाही गं. नियम आहे." त्यात सगळ्यांच्या 'ग्वेन'वर रुसून आजी दोन दिवस खोलीबाहेर आलेल्या नव्हत्या.

मी त्यांच्या दारात उभी राहिले. सासूबाईंचं नाव घ्यावं तसं कानकोंडं झालं. मनात माफी मागितली, जीभ टेकवली, हवा सोडली.

"ग्वेनह्लिअन!"

आजी गर्रकन वळल्या. "पुन्हा!"

पुन्हा म्हटलं. त्यांनी वॉकर ओढला आणि ताठ मानेनं हॉलकडे निघाल्या. दहा जणींनी टाळ्या वाजवल्या. शिव्हॉननं भिंतीवरच कागद टेकवून सही केली!

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले आणि दारातून अगदी कालसारखीच नावानं हाक मारली. त्या खिडकीबाहेरच बघत राहिल्या. "आजी" म्हटलं, तेव्हा वळल्या आणि कपासाठी हात पुढे केला.