शेवटचं प्रकरण गगनबावड्याला

शिवाजी पेठेत वडणगेकर मास्तरांना दोन गोष्टींसाठी ओळखत. एक म्हणजे डोक्यावरची टोपी, जी कुणी कधी वाकडी पाहिली नाही. दुसरी म्हणजे समुद्राखालच्या बोटीची ती कादंबरी. मूळची परमुलखातली, कुणीतरी मराठीत आणलेली, शाळेनं नववीच्या जादा वाचनाला लावलेली. बाकीचे मास्तर ती उरकून टाकत. अंबादास वडणगेकर ती रंगवत.

कादंबरीतला कॅप्टन जगावर रुसून लोखंडी बोट घेऊन समुद्राच्या पोटात राहायला जातो. पुन्हा माणसांच्या जमिनीशी संबंध ठेवणार नाही, अशी त्याची शपथ. तीन माणसं अपघातानं त्याच्या बोटीत येऊन पडतात: एक पंडित, पंडिताचा इमानी नोकर, आणि माशांवर भाला फेकण्यात पटाईत असलेला एक गडी. कॅप्टन त्यांना चांगलंचुंगलं खाऊ घालतो, पाण्याखालची नवलं दाखवतो, त्यांना काही कमी पडू देत नाही. फक्त परत सोडत नाही.

मास्तरांनी या चौघांच्या स्वभावाचे खण पाडून ठेवले होते. पंडित म्हणजे ज्ञानाची तहान. नोकर म्हणजे निष्ठा. भालेवाला गडी सारखा घरी जायचं म्हणतो आणि भाजलेल्या मटणाच्या आठवणी काढतो, म्हणून तो पोटार्थी आणि कोत्या मनाचा. कॅप्टन म्हणजे स्वाभिमान. हा शब्द आला की मास्तरांचा आवाज चढायचा आणि घरच्या शिकवणीतली पोरंसुद्धा खाजवायचं थांबवून ऐकायची. अपमान गिळून जगण्यापेक्षा सगळ्या जगाकडं पाठ फिरवणारा एक तरी मर्द निघाला, असं ते म्हणत. भिंतीपलीकडं त्यांची बायको शालूबाई भाकरी थापत असायची. तिलाही हे सगळं तोंडपाठ झालं होतं.

आता हा स्वाभिमान कुठून आला ते सांगायला हवं.

सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात गगनबावड्याला शालूबाईच्या धाकट्या भावाचं, सयाजीचं लग्न होतं. मांडवात लाऊडस्पीकरवरून एकेका मानकऱ्याचं नाव पुकारून फेटे बांधणं चाललं होतं. चुलत्याचं नाव आलं, सरपंचाचं आलं, आदल्याच वर्षी झालेल्या धाकट्या जावयाचं आलं. थोरल्या जावयाचं, म्हणजे मास्तरांचं, राहिलं. पुकारणारा गडबडला होता, एवढंच. कुणीतरी ध्यानात आणून देईपर्यंत मास्तर बायकोला आणि दहा वर्षांच्या लेकीला, लीलाला घेऊन, जेवणाच्या पंगतीला पाठ दाखवून, एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभे राहिले होते. एका फेट्यापायी माणूस उपाशी परत येतो, यात नवल नाही. कोल्हापुरात असली माणसं गल्लीगल्लीला भेटतात. पण मास्तरांनी घरी येऊन बायकोला सांगितलं, की सयाजीनं मुराळी होऊन इथं यावं, दारात उभं राहून चुकलो म्हणावं, आणि मग तुला न्यावं. तोवर गगनबावडा बंद.

मुराळी म्हणजे सासरी दिलेल्या लेकीला माहेरी न्यायला येणारा माणूस. सयाजी त्याच वर्षी नागपंचमीला आला. बगलेत बोचकं होतं. शालूबाईची पिशवी कालपासून भरून तयार होती. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि अक्काला न्यायला आलोय म्हणाला. मास्तर खुर्चीतनं उठले नाहीत. ते पुढच्या शब्दाची वाट बघत होते. नवरदेवाचं काय चुकलं ते सयाजीला खरोखरच कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी त्याच्या तोंडून ते निघालं नसतं. दोघंही एकाच मातीचे. थोड्या वेळानं तो बोचक्यासकट माघारी गेला आणि शालूबाईनं आत जाऊन पिशवी सोडली.

त्यानंतर बारा वर्षं गेली. शालूबाईचे आई-वडील वारले तेव्हा मास्तरांनी तिला सकाळच्या गाडीनं पाठवलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आणवलं. तेवढंच. लीला मोठी झाली, मलकापूरला दिली. दर पंचमीला तिला आणायला मास्तर स्वतः मुराळी म्हणून जात. त्या दिवशी नवी टोपी घालत. लेक माहेरी आली की घर कसं भरल्यासारखं वाटतं, असं ते कौतुकानं बायकोला सांगत आणि ती मान डोलवून पुरणाची दिंडं उकडायला ठेवत असे. या माणसाला त्यात काहीच टोचत नव्हतं. राग येतो तो याचाच.

एकोणऐंशीच्या चैत्रात शालूबाईला काविळीचं निमित्त झालं. कावीळ उतरली पण पोटात पाणी व्हायला लागलं. डॉक्टरांनी मास्तरांना बाहेर नेऊन खरं काय ते सांगितलं आणि जे हवं-नको असेल ते करा म्हणाले. मास्तरांनी शिकवण्या बंद केल्या आणि बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी, तिची खाट टाकली. तिनं काही मागितलं नाही. फक्त एकदा दिवेलागणीला म्हणाली, ते बोटीचं पुस्तक वाचा की, भिंतीआडनं तुकडं तुकडं ऐकलंय, सलग कधी ऐकलं न्हाय.

तसं रोज एक प्रकरण सुरू झालं. मास्तर वाचत आणि ती डोळे मिटून ऐके. प्रकरण संपलं की पोथी ऐकल्यासारखे हात जोडी, आणि एकच प्रश्न विचारी, की तो भालेवाला आज पळाला का? मास्तरांना आधी मौज वाटायची. मग ते आपल्या खणातला तो पोटार्थीचा शेरा काढून समजावू लागले. ती म्हणाली, घरला जायाचं म्हणणारा पोटार्थी कसा हो? इतकी वर्षं वर्गातल्या एकाही पोरानं हे विचारलं नव्हतं. मास्तरांनी पानं चाळली, घसा खाकरला आणि पुढं वाचायला घेतलं.

वैशाखाच्या शेवटी ते प्रकरण आलं, ज्यात कॅप्टन एकटाच आपल्या मेलेल्या बायको-पोरांच्या तसबिरीपुढं गुडघे टेकून रडतो. हे मास्तरांचं लाडकं पान. वाचताना त्यांनी दोनदा डोळे पुसले. पुस्तक मिटून त्यांनी तिच्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

ती म्हणाली, "मेल्याली माणसं आठवून रडतोय, आन जित्या तिघांस्नी कोंडून घातलंय. त्याच्या बोटीत सगळं हाय बघा. ग्रंथ हायत, बाजा हाय, खायाप्यायाला हाय. बाहीर जायाचं दार तेवढं न्हाय."

काय मुद्दा काढला, असं मास्तरांच्या मनात आलं. हा समासात लिहून ठेवायला हवा म्हणून त्यांनी सवयीनं कानावरची पेन्सिल काढली. मग त्यांचं लक्ष तिच्या नजरेकडं गेलं. ती खुंटीवरच्या त्या जुन्या पिशवीकडं बघत होती. पेन्सिल हातातच राहिली. इतकी वर्षं आपण कुणाचा स्वभाव शिकवत होतो ते त्यांना त्या घटकेला कळलं, आणि त्यांना आतून फार लाज वाटली.

वाचायचं एकच प्रकरण उरल्यावर त्यांनी पुस्तकात खुणेचा दोरा घातला आणि म्हणाले, "शेवटचं प्रकरण हितं नको. गगनबावड्याला, तुझ्या माहेरच्या ओसरीवर, सोप्यात बसून वाचू."

शालूबाई हसली. आजारपणात ती हसली ती पहिल्यांदाच. पण लगेच म्हणाली, त्यो घरला पोचतो का, तेवढं आताच सांगा की. शेवट आधी फोडायचा नाही हा मास्तरांचा वर्गातला नियम होता. तिथंच ऐक, असं ते लाडानं म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी उतरवून घेतली, पडल्यापडल्या दोन लुगडी घडी करून भरली आणि खाटेखाली ठेवायला लावली.

आता इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? दारात टॅक्सी आणली असती. मास्तरांनाही ते सुचलं. पण सुंभ जळाला तरी पीळ कुठं जातो? आपण बायकोला घेऊन त्या दारात आपसूक उतरायचं म्हणजे बारा वर्षांचं काय, असं त्यांच्या मनानं घेतलं. सयाजी मुराळी होऊन येऊ दे, आता चुकलो म्हणायलाही नको, नुसता येऊ दे. यातच आपण केवढं वाकलो असं त्यांना वाटत होतं. त्यांनी गगनबावडा गाडीच्या कंडक्टरजवळ, ज्ञानूजवळ, निरोप दिला: शालूला थोडं बरं नाही, माहेरी यायचं म्हणते, न्यायला या. 'थोडं' हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला. बायकोचं दुखणं पुढं करून विनवतोय, असं दिसायला नको होतं.

उलट निरोप आला, की घर तिचंच हाय, तिला आवतण कशाला पायजे, गाडी रोज येती. सयाजीच्या मनात त्यात वाकडं काही नव्हतं. थोडं बरं नाही म्हणजे पडसं-खोकला, असं त्यानं धरलं. मास्तरांना मात्र त्यात पुन्हा लाऊडस्पीकर ऐकू आला. न्यायला मूळ आल्याशिवाय लेक माहेरी जात नाही एवढी रीत ठाऊक असावी, असा निरोप त्यांनी फिरून धाडला. त्याला उत्तर आलं नाही. ज्ञानू आलता का, असं शालूबाई रोज विचारी, आणि सयाजी येतोच म्हणालाय, असं मास्तर रोज खोटं सांगत. ज्येष्ठ असा गेला. रस्ता कोरडा होता, गाड्या रोज जात होत्या.

आषाढात घाटमाथ्यावर पाऊस कोसळायला लागला आणि नद्या फुगल्या. एका सकाळी शालूबाईनं चहा घेतला नाही. तिचे पाय सुजून टरटरीत झाले होते. मास्तरांनी बघितलं आणि तसेच, बिनटोपीचे, टॅक्सी स्टँडवर गेले. आयुष्यात पहिल्यांदा पेठेनं त्यांना बोडक्या डोक्यानं पाहिलं. गगनबावडा, आत्ताच्या आत्ता, असं ते म्हणाले. टॅक्सीवाल्यानं हात जोडले. कालपासनं रस्त्यावर पाणी हाय मास्तर, एस.टी. बंद हाय.

ते घरी येऊन खाटेशी बसले. त्यांनी काही सांगायच्या आधीच तिला सगळं कळलं होतं. आता गाडी न्हाय जायाची, असं ती म्हणाली, आणि जराशानं, त्या भालेवाल्याचं तेवढं सांगा. मास्तरांना वाटलं, शेवट सांगितला तर ती जायची आस सोडेल. पाणी उतरलं की जाऊ, तिथंच ऐक, असं ते पुन्हा म्हणाले. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिला चहाला उठवायला गेले, तेव्हा ती उठली नाही.

शेजाऱ्यांनी गगनबावड्याच्या पोस्टात ट्रंककॉल लावला. सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, म्हणून सगळे थांबून राहिले. लीला मलकापूरहून येऊन आईच्या उशाशी बसली होती. दिवस कलता कलता सयाजी आला. छातीपर्यंत भिजलेला, पाय चिखलानं भरलेले. जिथं पाणी होतं तिथं तो पाण्यात उतरून चालत आला होता आणि अलीकडं मिळेल त्या ट्रकनं. डोक्यावर मेणकापडात गुंडाळलेलं बोचकं होतं. कोरड्या रस्त्यानं जो आला नाही तो पुरातनं आला. आणि बोचकं ते बारा वर्षांपूर्वीचंच. त्या पंचमीला अक्कासाठी घेतलेलं हिरवं लुगडं, तसंच घडीचं.

तो उंबऱ्याबाहेरच थबकला. मास्तर उठले, दारापर्यंत गेले आणि त्याचा ओला हात धरून त्यांनी त्याला आत घेतलं.

"दाजी," सयाजी म्हणाला, "एवढं हुतं तर निरोप का धाडला न्हाईसा?"

"धाडला होता," मास्तर म्हणाले. "थोडं म्हणून धाडला."

भाद्रपदात वाट मोकळी झाल्यावर मास्तर ज्ञानूच्या गाडीत बसून एकटेच गगनबावड्याला गेले. एका मांडीवर पुस्तक होतं आणि दुसऱ्या मांडीवर शालूबाईची भरलेली पिशवी. थांब्यावर सयाजी न्यायला आला होता. कुणी काही पुकारलं नाही, कुणी काही मागितलं नाही. सोप्यात घोंगडं अंथरलं होतं. मास्तरांनी पिशवी शेजारी ठेवली, दोऱ्याची खूण काढली आणि शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचलं. सयाजीनं मागचं काहीच ऐकलेलं नव्हतं. तरी तो आणि त्याची बायको हात जोडून शेवटपर्यंत बसले. तुफानात बोट सापडते, तिघं होडीतनं निसटतात, आणि जागे होतात ते किनाऱ्यावरच्या एका कोळ्याच्या खोपटात. ऊब लागावी म्हणून त्यांच्या अंगावर कुणीतरी पांघरूण घातलेलं असतं.

मास्तरांनी पुस्तक मिटलं.

"म्हंजी त्यो भालेवाला गडी घरला पोचला म्हणायचा," सयाजी म्हणाला.

"पोचला."

"अक्काला ठावं हुतं का?"

मास्तरांनी पिशवीवर हात ठेवला. "विचारत होती," ते म्हणाले. "रोज विचारत होती."