दिवेलागणीची हाक

"ताई, मी न्हाई राहिले तर दिवेलागणीला हौसाला हाक कोण मारंल?"

माझ्या धाकट्या भावाची बायको मंगल बीडच्या दवाखान्यात होती, तेव्हा तिनं मला विचारलेला हा शेवटचा प्रश्न. आवाज पार खोल गेला होता. जिच्या आवाजाला आम्ही सगळे जन्मभर हसलो, तिचं बोलणं ऐकायला मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला. मी म्हटलं, "मी मारीन गं, तू नको काळजी करू." ती माझ्याकडे बघत राहिली. मी गेवराईला राहते, शाळेत शिकवते, माहेरी चकलांब्याला फक्त सणासुदीला जाते, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण माझं खोटं तिनं चालवून घेतलं. दुसऱ्या दिवशी शाळेत असताना दत्ताचा, माझ्या भावाचा फोन आला. "ताई, मंगल गेली," एवढंच तो म्हणाला. वर्गात पोरी कविता घोकत होत्या. त्यांना गप्प करायचंही मला सुचलं नाही.

आता काही आठवडे होऊन गेले, तरी संध्याकाळ झाली की माझा कान उगाच बाहेर लागतो. मंगलची ओळख करून द्यायची तर आधी तिची पिठाची गिरणीच सांगावी लागेल. लग्न होऊन आली, तेव्हा गिरणी दत्ता बघायचा. वर्षभरात तिनं ती हातात घेतली आणि दत्ताला शेताकडं पिटाळलं. भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ, पदर खोचलेला आणि मोटारीच्या वर चढवलेला आवाज. तो आवाज गिरणी बंद झाल्यावरही खाली यायचा नाही. "अगं, आम्ही काय पलीकडच्या गावात बसलोय का?" असं मी म्हणायची, तर ती आणखी जोरात हसायची. ज्वारीत हात घालून "ही भिजलेली हाय, वाळवून आणा" असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची आणि वर त्याच गिऱ्हाइकाला चहा पाजायची. अशी बाई एखाद्या गोष्टीला घाबरत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मंगलच्या लेकीच्या, हौसाच्या बारशाला मी मोठ्या तोऱ्यात गेले होते. बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि नाव मी महिनाभर आधीच ठरवलं होतं, स्वरा. नुसतं ठरवलं नव्हतं, तर चांदीच्या वाटीवर कोरूनही आणलं होतं. पाळणा सजला, बायका जमल्या. मंगलची आई गयाबाई घुगऱ्यांची परात घेऊन उभ्या होत्या. मी बाळाच्या कानाशी वाकले, माझ्या पाठीत धपाटे घालायला बायकांचे हात वर झाले, तेवढ्यात मंगलनं माझं मनगट धरलं. "ताई, रागवू नका. हौसा म्हणा."

मला वाटलं, चेष्टा करतेय. हौसा! आमच्या आजोळच्या शेजारणीचं नाव हौसाबाई होतं, मिशरीनं दात काळे झालेली बाई. आमची आई म्हणाली, "अगं, पाळण्यातल्या लेकराला म्हातारीचं नाव कावून ठेवायलीस?" एक चुलती म्हणाली, शाळेत पोरं पिदवतील. दत्ता दाराशी उभा राहून बघत होता, त्याचं बायकोपुढं कधी चाललंय? आणि गयाबाई... त्यांनी हातातली परात खाली ठेवली आणि त्या अंगणात निघून गेल्या. मंगलनं माझं मनगट सोडलं नव्हतं. उलट पकड आणखी घट्ट केली होती. त्या हाताकडं बघूनच मी लेकराच्या कानात कुर्र केलं आणि हौसा म्हटलं. चांदीची वाटी मात्र मी दिली, आणि पोरीनं पुढं कितीतरी दिवस स्वराच्या वाटीतून वरणभात खाल्ला.

नावामागची गोष्ट मंगलनं मला पुढच्या उन्हाळ्यात सांगितली, भर दुपारी, लाईट गेली म्हणून गिरणी बंद पडली होती तेव्हा. मंगलच्या आधीची एक बहीण होती, हौसा. आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे. त्या साली मंगल अंगावर पिती होती. उसाच्या फडापासून जरा लांब, कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, झोळीतल्या मंगलला सांभाळायला सात-आठ वर्षांची हौसा असायची. एका संध्याकाळी गयाबाई फडातून परतल्या, तर झोळीत मंगल रडत होती आणि हौसा नव्हती. दावणीचं वासरू सुटलं होतं, ते बघायला पोरगी उसात शिरली असणार. गयाबाईंनी हाक मारायला तोंड उघडलं, तोच कोपीवरच्या म्हाताऱ्या बायांनी त्यांना धरलं. परमुलखात दिवेलागणीला लेकराला नावानं हाक मारायची नाही, दुसरंच कुणीतरी ओ देतं आणि लेकराला घेऊन जातं, असं त्या टोळीत पक्कं मानत. मग सगळ्यांनी कंदील घेऊन, तोंडातून शब्द न काढता, ऊस धुंडाळला. पोरगी सकाळी सापडली, फडाच्या टोकाला बिनकठड्याच्या विहिरीत.

"उसात शिरलेल्या माणसाला काय दिसतंय, ताई?" मंगल म्हणाली. "आवाज आला आसता, तर ती आवाजाच्या दिशेनं आली आसती. आईला ते कळतंय. म्हणून आईनं परत तिचं नाव घेतलं न्हाई. घरात कुणालाच घेऊ दिलं न्हाई. मला तर बहीण हुती हेच मोठी झाल्यावर मामीनं सांगितलं." मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "ती माझ्यापायी कोपीत ऱ्हायली हुती. तिला कुणी हाकच मारली न्हाई. तर मी मारते की."

आणि ती मारायची. रोज. दिवस कलला की गिरणीचा पट्टा थांबायचा, एकदम सगळं शांत व्हायचं, आणि त्या शांततेत मंगल उंबऱ्यावर येऊन गिरणीच्याच आवाजात हाक मारायची, "हौसाऽऽ... घरी ये गंऽऽ..." अख्ख्या आळीला ऐकू जायची. नावामागची गोष्ट कळल्यापासून आमच्या आईला ते मुळीच खपायचं नाही. तिन्हीसांजेला मेलेल्या पोरीचं नाव असं ओरडून घ्यायचं म्हणजे काय! ती नारायणगडाला जाऊन अंगारा घेऊन आली आणि नातीच्या कपाळाला लावत राहिली. मंगलनं अंगारा लावू दिला, हाक थांबवली नाही.

एकदा मी तिथं होते. हाक ऐकून छोटी हौसा धावत आली, पायाची धूळ झटकून माझ्या मांडीवर येऊन बसली. मंगल मात्र दारातच उभी. रस्त्याकडं बघत. मी म्हटलं, "अगं आली की ती!" मंगल वळली नाही. "व्हय," ती म्हणाली, "ही आली." ती थोडा वेळ तशीच थांबली, मग जरा बाजूला सरकली, कुणाला आत घ्यायला सरकावं तशी, आणि मग दार लोटलं.

पोरीला शाळेत व्हायचा तो त्रास झालाच. पोरं "हौसाबाई, नातवंडं कशी हायत?" म्हणून चिडवायची. पाचवीत ती रडत माझ्याकडं आली, म्हणाली, आत्या, तू शाळेत आहेस, माझं नाव बदलून हर्षा करून दे. मी तयारही होते. मंगलनं तेव्हा लेकीला जवळ बसवून सगळं सांगितलं, विहिरीसकट. मला वाटलं, पोर घाबरेल, मंगलला अक्कल नाही. हौसानं सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ नखं कुरतडली आणि विचारलं, "मग तू हाक मारल्यावर मी लगीच ओ देते, ते चुकतंय का? तिला द्यायची आसंल तर?" त्या दिवसापासून ती जरा थांबून ओ द्यायला लागली. आधी दुसरीला वेळ द्यायचा आणि मग आपण. नाव बदलायचं पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही.

गयाबाई या सगळ्यात कुठंच नव्हत्या. लेकीकडं यायच्या, नातीला जीव लावायच्या, पण तिला 'बये' म्हणायच्या, 'सोने' म्हणायच्या, नाव सोडून काहीही म्हणायच्या. आणि दिवेलागणीच्या आत परतीची गाडी गाठायच्या. मुक्काम कधीच नाही. मंगलला ते लागायचं. "एकदा तरी तिनं नाव घ्यावं, ताई," असं ती आजारपणातही म्हणाली होती.

मंगल गेल्यावर गयाबाई पहिल्यांदा राहिल्या. कोपऱ्यात बसून असायच्या. संध्याकाळ व्हायची, हौसा न बोलावता घरात येऊन बसायची, आणि घर नुसतं गप्प. तेराव्यानंतर दत्तानं गिरणी सुरू केली. मी सुट्टी घेऊन थांबले होते. दिवसभर डबे येत होते, मोटार चालू होती, क्षणभर वाटत होतं, सगळं आहे तसंच आहे. दिवस कलला आणि दत्तानं पट्टा थांबवला. ती शांतता आली. दत्ता बटणावरचा हात न काढता तसाच उभा. हौसा माझ्याजवळ मेथी निवडत बसली होती. मंगलला मी शब्द दिला होता, मी उठायलाही लागले, पण हाक कुणाला मारायची? पोर तर इथंच, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून.

तेवढ्यात गयाबाई उठल्या. भिंतीला धरत उंबऱ्यापर्यंत गेल्या. दोनदा नुसतीच हवा निघाली तोंडातून... आणि मग आवाज फुटला. मंगलचाच, तोच हेल, तोच चढ. हा आवाज गिरणीनं मंगलला दिलेला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

"हौसाऽऽ... घरी ये गं बयेऽऽ..."

दूर कुठंतरी कुत्रं भुंकलं आणि थांबलं. गयाबाई दारातून बाजूला सरकल्या. मी हौसाकडं पाहिलं. मेथीची काडी तिच्या बोटांत तशीच राहिली होती, डोळे वाहत होते आणि ओठ घट्ट मिटलेले. ती ओ देत नव्हती. थांबली होती.