मागं न बघणारी ड्रायव्हर

आमच्या डेपोत तिला सगळे रणगाडा म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर ताई. मीही ताईच म्हणते, कारण मला माझे दात प्रिय आहेत. अठ्ठावीस वर्षं ती शहरबसच्या डेपोत होती, त्यातली एकोणीस वर्षं ड्रायव्हर ती आणि कंडक्टर मी. म्हणजे नवऱ्याच्या तोंडापेक्षा मी तिच्या मानेचा मागचा भाग जास्त पाहिला. खरं सांगायचं तर नवऱ्यापेक्षा ती मानच जास्त बोलकी होती. चिडली की कानापर्यंत लाल व्हायची, आणि मला कळायचं की आता वळणावर सगळे प्रवासी एकमेकांच्या मांडीवर जाणार.

तिचा एकच नियम. मागं बघायचं नाही. पुढचं ड्रायव्हरनं बघायचं, मागचं कंडक्टरनं. मी एक बेल दिली की गाडी थांबणार, डबल बेल दिली की सुटणार, आणि मध्ये आभाळ कोसळलं तरी ती मान वळवणार नाही. एकदा बसमध्ये एका बाईला कळा सुरू झाल्या. सगळी बस किंचाळतेय, मी त्या बाईचा हात धरून बसलेय, बेलची आठवण कुणाला? बेल नाही म्हणून ताई तीन स्टॉप न थांबता गेली. नशीब, चौथा स्टॉप हॉस्पिटलचा होता आणि तिथं सिग्नल लाल होता. मुलगी झाली. ताईला ते दुसऱ्या दिवशी कळलं.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं थापा वाटेल. ताईच्या रिटायरमेंटच्या सहा वर्षं आधी, एका सकाळी बाजाराच्या स्टॉपवर मी डबल बेल दिली, तेव्हा एक आजोबा अजून पायरीवरच होते. माझं लक्ष कुठं होतं? एका कॉलेजकुमाराशी त्याच्या पासवरून भांडत होते. गाडी सुटली, आजोबा पडले, मनगट मोडलं. चौकशी बसली. माझ्या नावावर आधीच एक मेमो होता, दुसरा आला असता तर नोकरी गेली असती. त्या वर्षी आमचे हेही घरीच बसलेले. दोघं दिवसभर समोरासमोर बसलो असतो तर दुसरीच चौकशी लागली असती. मी साहेबांना सांगितलं की मी गाडी थांबवायची बेल दिली, सुटायची दिलीच नाही.

ताईनं सांगितलं, मला डबल ऐकू आली. साहेबांनी तिला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरला तपासायला सांगितलं की तो काहीतरी शोधणारच. डावा कान थोडा अधू निघाला. तेवढ्यावर तिचं स्टेअरिंग गेलं. डाव्या कानात मशीन आलं आणि बाईसाहेबांची बदली हरवलेल्या सामानाच्या खोलीत झाली. रणगाडा छत्र्या मोजायला बसला.

पण खरं वाईट वेगळंच झालं. तिनं माझ्यावर एका शब्दानं संशय घेतला नाही. संशय घेतला तो स्वतःच्या कानावर. पूर्वी जी बाई इंजिनाच्या आवाजावरून कुठला नट ढिला आहे ते सांगायची, ती आता दार वाजलं का, म्हणून सुनेला विचारायची. माझ्याच समोर दहा वेळा म्हणाली असेल, मला भास झाला गं, त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याचं मनगट माझ्या भासापायी गेलं. मी मान हलवायची. लाज वाटायची, आणि तरी मान हलवायची. अशी मी.

सायकल त्याच खोलीत मिळाली. बसमध्ये माणसं छत्री विसरतात, डबा विसरतात, एकानं कवळी विसरली होती. पण दोन माणसांची सायकल डेपोच्या भिंतीला टेकवून विसरायची, तर दोन माणसं एकाच वेळी वेडी व्हावी लागतात. दोन सीट, दोन हँडल, चार पायडल. वर्षभर कुणी विचारायला आलं नाही. ताई रिटायर झाली तेव्हा मॅनेजरनं भिंतीवरच्या घड्याळाऐवजी तीच तिच्या गळ्यात मारली, म्हणजे खोलीही रिकामी आणि निरोपसमारंभही उरकला.

मी त्याच्या दोन महिने आधीच रिटायर झाले होते. ताई दारात आली आणि म्हणाली, कंडक्टर, चल. कुठं? डोंगराकडच्या सीमेपासून समुद्रापर्यंत. अख्खा देश आडवा, अकराशे किलोमीटर. सोबत मदतीची गाडी नाही, कुणी वाट दाखवणारा नाही. तंबू, पंक्चरचं सामान आणि अंगावरचे सोडून दोन जोड कपडे. तिचा मुलगा म्हणाला, आई, वय काय तुझं? ती म्हणाली, तुझ्यापेक्षा जास्त आहे, म्हणून मला जास्त कळतं. आमच्या ह्यांनी फक्त जेवणाचं काय, एवढंच विचारलं. मी म्हटलं, आमचं आम्ही बघू.

मी हो म्हटलं त्याचं कारण सायकल नव्हतं. मी लहानपणी सायकल शिकताना दोनदा विहिरीच्या काठापर्यंत गेलेली बाई. मला वाटलं, समुद्र येईपर्यंत कधीतरी सांगता येईल. मागं बसून सांगायचं, तोंड बघावं लागणार नाही. माझ्या हँडलला मी एक घंटी बसवून घेतली आणि निघाले.

ताईची जित्याची खोड. रस्त्यात कुठंही बसस्टॉप दिसला की तिचा हात आपोआप ब्रेकवर. ओसाड माळावर एक गंजका खांब उभा असला तरी आम्ही थांबणार. मग मी डबल बेल द्यायची, मग आम्ही निघणार. स्टॉपवर कुणी उभं असलं की ती माणसं आमच्याकडे बघायची आणि आम्ही त्यांच्याकडे. एका आजीनं गाडी बाजारात जाते का, असं विचारलं. मी सवयीनं सांगितलं, जागा नाही, मागून येतेय.

बाकी दिवस म्हणजे ढुंगण, गुडघे आणि भांडणं. मी पायडल मारत नाही, हा तिचा रोजचा आरोप. मी मारत होते. निदान चढावर मारत होते. रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. मग ती मागं न बघता विचारायची, ट्रक आला का गं मागून, मला आवाज आल्यासारखा वाटला, आणि मी नुसतं हो म्हणायची. ट्रक खरंच आलेला असायचा. तिचे कान ठणठणीत होते आणि हे जगात फक्त मला माहीत होतं.

सतराव्या दिवशी दुपारी एका घाटमाथ्यावर बसस्टॉप लागला. पत्र्याचं छप्पर, एक बाक, शेजारी पाण्याचा नळ. थांबलो. मी बाटली भरायला उतरले. ताई एक पाय जमिनीवर टेकवून, पुढं नजर लावून उभी. तेवढ्यात मागून एक पोस्टमन सायकलवरून आला. आमची लांबलचक सायकल वाटेत आडवी, म्हणून त्यानं बाजूला व्हा या अर्थानं घंटी वाजवली. ट्रिंग ट्रिंग.

रणगाडा सुटला.

पुढं नुसता उतार. मी बाटली हातात घेऊन ओरडले, पण वारा तिच्याकडून माझ्याकडे. पोस्टमन म्हणाला, तुमच्या बाई गेल्या. मी म्हटलं, दिसतंय. माझा फोन सायकलवरच्या पिशवीत, माझे बूट सायकलवर, मी चपलांवर. ड्युटीवर चुकामूक झाली तर जिथं आहेस तिथंच थांब, हे आमचं ठरलेलं. बाकावर बसले. पहिला अर्धा तास हसले. मग हसू थांबलं. उतारावर त्या लांब सायकलवर एकटी बाई, मागं वजन नाही. ती पडली असली तर? आणि तिच्या शेवटच्या आठवणीत मी एक खरं बोलणारी बाई असणार, हे काही मला सहन होईना. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी जिवासाठी रडले, आणि तेही उघड्यावर, बसस्टॉपवर, जिथं मी सगळी नोकरी लोकांना पुढं सरका म्हणून ओरडत आले.

अडीच तासांनी ती चढ चढून आली, सायकल हातानं ढकलत, घामानं थबथबलेली. मी शिव्या खायच्या तयारीनं उभी राहिले. शिव्या आल्या नाहीत. तिनं नळावर तोंड धुतलं, बाकावर बसली आणि जे झालं ते सांगायला लागली. नऊ किलोमीटर तिला कळलंच नाही. उतार संपला, चढ लागला, तेव्हा मी पायडल मारत नाही म्हणून आठ मिनिटं तिनं माझा उद्धार केला. पुढं पेट्रोलपंपावरचा माणूस म्हणाला, मावशी, मागची सीट भाड्यानं द्यायची आहे का? तेव्हा कुठं तिनं हात मागं नेऊन चाचपलं.

मी हसले. ती हसली नाही.

"उतारावर मी तुला एक विचारलं," ती म्हणाली. "सहा वर्षं विचारायचं होतं. तोंड दिसत नाही तेव्हाच विचारावं म्हटलं. त्या दिवशी बाजारात तू डबल बेल दिली होतीस का?"

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं होतं सांगायचं काम फक्त माझंच आहे.

"तू गप्प," ती म्हणाली. "दोन किलोमीटर वाट बघितली. म्हटलं, गप्प आहे म्हणजे झालं, उत्तर मिळालं. इतकं बरं वाटलं मला, काय सांगू. म्हणजे मी वेडी नाही. मग पंपावर चाचपते तर मागं कुणीच नाही. म्हणजे उत्तरही नाही." तिनं पदरानं मान पुसली. "म्हणून चढ चढून आले. आता समोर आहेस. सांग."

मला वाट मोकळी होती. नाही म्हटलं असतं तरी तिनं मानलं असतं. सहा वर्षं मानत आलीच होती. समुद्रापर्यंत गेलो असतो, फोटो काढला असता, घरी आलो असतो.

"दिली होती," मी म्हटलं. "डबल. तुझे कान बरोबर होते."

मग मेमोचं, ह्यांच्या नोकरीचं, सगळं एका दमात सांगितलं. ती ऐकत होती की नाही कुणास ठाऊक. रस्त्यापलीकडच्या दगडाकडे बघत होती आणि तिची मान लाल झाली नव्हती, हेच मला जास्त लागलं. ती ओरडली असती, एक ठेवून दिली असती, तर मी हिशोब मिटला म्हटलं असतं. शेवटी तिनं डाव्या कानातलं मशीन काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"हरवलेलं सामान," ती म्हणाली. "पावती फाड."

मी रडतच होते, त्यात हसू आलं, आणि नाकातून भलताच आवाज निघाला. तीही थोडी हसली असावी. उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली. परत जा म्हणाली नाही, चल म्हणाली नाही. मी बूट घातले, मागं जाऊन बसले, मशीन पिशवीत टाकलं. हँडल धरलं आणि डबल बेल दिली.

सायकल हलली नाही.

मला वाटलं ऐकू आलं नाही. मग आठवलं, हिला सगळं ऐकू येतं. पुन्हा डबल बेल दिली. ताईनं मान वळवली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिनं मागं बघितलं; आधी माझ्या पायांकडे, मग सीटकडे, मग माझ्या तोंडाकडे. नीट, सावकाश, गाडी तपासतात तसं. मग पुढं तोंड केलं आणि पायडलवर जोर दिला.

सात दिवसांनी आम्ही समुद्राला पोचलो. वाटेत एकशे बारा बसस्टॉप लागले. सगळ्यांवर थांबलो, सगळ्यांवर मी डबल बेल दिली, आणि निघण्याआधी प्रत्येक वेळी तिनं मागं वळून बघितलं.