खाडीचं नाव घालायचं राहिलं

क्लेओफे अबुयेन जन्मभर दुसऱ्यांच्या लिखाणाला मथळे लावत आली. फिलिपिन्समधल्या समार बेटावरच्या एका किनाऱ्याच्या गावात, मागच्या खोलीत पंखा लावून ती बसायची आणि साता समुद्रापलीकडच्या लोकांच्या गाद्या, कुत्र्यांचं खाणं, केसांची तेलं यांच्या वेबपानांची डागडुजी करायची. पानभर अघळपघळ लिहिलेलं असायचं. ती ते फोडायची, वर एक मोठा मथळा, त्याखाली उपमथळे, आणि प्रत्येक उपमथळा माणसं फोनला विचारतात तसा प्रश्न. शोधणाऱ्याला पान सापडावं आणि एआयला कळावं, एवढ्यासाठी ही सगळी उठाठेव. शेजारणी तिला रिकामटेकडी म्हणून चिडवत, आणि मुलांचे अर्ज भरायला मात्र तिच्याच दारात येत.

काम शिकायला येणाऱ्या बायांना ती एकच गोष्ट दटावून सांगे. यंत्र तुमचं पान वरून खाली वाचत बसत नाही, हवा तो तुकडा तोडून नेतं. म्हणून प्रत्येक मथळा एकट्यानं उभा राहिला पाहिजे. 'धुता येते का?' लिहू नका, 'ही कापसाची गादी धुता येते का?' असं लिहा. एखादी विसरली की तिचं पान तिच्याच पुढ्यात पुसून टाकायची.

त्या वर्षी पाण्याला लाली चढली. अशा वेळी शिनाण्यांसारख्या शिंपल्यांत विष भरतं, ते उकळून जात नाही की व्हिनेगरनं मरत नाही, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गावाला दोन खाड्या, बाहेरची पांडान आणि आतली बाखाव; दोन्हींतले शिंपले खायला बंदी आली. पुढं पांडानवरची बंदी उठली, बाखाववरची राहिली. गावच्या कचेरीतल्या साहेबानं क्लेओफेला गळ घातली, की सूचनेचं पान कुणाला सापडतच नाही, तेवढं नीट करून दे. तिनं एका दुपारी करून दिलं. 'पांडान खाडी' हा मथळा, त्याखाली 'शिनाणे आता खाता येतात का?' आणि उत्तर: हो, बंदी उठली आहे. मग 'बाखाव खाडी', त्याखाली पुन्हा तोच प्रश्न, आणि उत्तर: नाही. उपमथळ्यात खाडीचं नाव तिनं घातलं नाही. परक्याच्या गादीसाठी घातलं असतं. पण गावातल्या माणसाला कोणती खाडी ते काय सांगायचं? बाखावकाठचा माणूस आपल्या खाडीला नुसती खाडीच म्हणतो, आणि क्लेओफे बाखावकाठचीच होती.

चार घरं पलीकडे तिची कुमारे, म्हणजे धर्ममुलाची आई, हेर्मी राही; दोघी एकमेकींना 'मारे' म्हणत. हेर्मीचा धाकटा, जोरेल, क्लेओफेचा धर्ममुलगा, बाप्तिस्म्याला तिनंच त्याला धरलं होतं. जोरेल शिनाण्यांसाठी हट्ट धरून बसला तेव्हा हेर्मीनं आधी फोनला विचारलं, खाडीतले शिनाणे आता खाता येतात का. फोननं सांगितलं, हो, बंदी उठली आहे, आणि खाली गावच्या कचेरीचं नाव दिलं. तिनं बाखाव खाडीतल्या बांबूंवरचे शिनाणे काढून आणले आणि आलं घालून उकळले. ती स्वतः घासभरही खाण्याआधी जोरेलनं वाडगा रिकामा केला होता. आधी त्याचे ओठ बधिर झाले, मग हातपाय. दवाखान्याच्या वाटेवरच त्याचा श्वास थांबला.

गाव हेर्मीवर उलटलं. बंदी असताना पोराला विष चारलं, असं तिची सासू पासिंग येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली. क्लेओफेनं पान उघडून पाहिलं. फोननं पांडानखालचं 'हो' तेवढं तोडून नेलं होतं. तिनं दोन्ही उपमथळे दुरुस्त केले आणि कचेरीत जाऊन म्हणाली, चूक माझी आहे, जाहीर करा. साहेबानं खोलीचं दार लावून घेतलं आणि म्हणाला, पानावर 'नाही'सुद्धा होतं, खालपर्यंत वाचायला नको? आता नीट झालंय ना, मग गप्प बस. खरं सांगायचं तर तिलाही गप्पच बसावंसं वाटलं. त्या गल्लीतच तिला उरलेलं आयुष्य काढायचं होतं.

शवपेटी अजून घरातच होती. अंगणात ताडपत्रीखाली, तिथल्या रीतीप्रमाणे, जागरणाला आलेल्यांचे पत्ते चालले होते, कॉफी फिरत होती. हेर्मी मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती, कारण सासू तिला पेटीजवळ येऊ देत नव्हती. तिनं क्लेओफेला ओढून शेजारी बसवलं.

"मारे, तू याच कामातली. खरं सांग, मी चुकीचं वाचलं का गं? मला तर 'हो' दिसलं होतं. की माझ्याच मनानं वाचलं?"

फोन काय, काहीही सांगतो, असं म्हणून क्लेओफेला सुटता आलं असतं. शब्द तोंडापर्यंत आलेही होते.

"तू बरोबर वाचलंस," ती म्हणाली. "ते पान मी केलं होतं. खाडीचं नाव घालायला हवं होतं, मी घातलं नाही."

हेर्मीनं धरलेला हात सोडला.

"मला सांगून काय उपयोग? तिकडं जा. म्हातारीला सांग, सगळ्यांसमोर."

क्लेओफे उठली आणि पेटीशेजारी उभी राहून तिनं सांगितलं. मथळे, तुकडे, यंत्र, यातलं कुणाला काय कळलं कोण जाणे. इतकं कळलं, की हेर्मीनं विचारलं होतं, तिला 'हो' असं उत्तर मिळालं होतं, आणि त्या उत्तरामागे ही बाई होती. अंगणातले पत्ते थांबले. पासिंगनं खुर्ची मागं सरकवली, हेर्मीला हाक मारली आणि पोराच्या उशाशी जागा करून दिली. हेर्मी तिथं बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

क्लेओफेला कुणी बस म्हटलं नाही. पेटीभोवती घरची माणसं गोळा झाली होती, त्यांच्यातून तिला धर्ममुलाचं तोंडही दिसेना, आणि जरा सरका म्हणायची तिची हिंमत झाली नाही.