अर्ध्या एकराचं मानपत्र

मी मानपत्रं लिहितो. नोकरीत होतो तेव्हाही लिहायचो, आणि निवृत्त झाल्यापासून तर माझ्याकडे दुसरं काही कुणी मागतच नाही. नागपुरात धरमपेठेत कुणाची पंचाहत्तरी असो की गांधीबागेतल्या एखाद्या कापड व्यापाऱ्याचा सत्कार, मजकूर बहुधा माझाच असतो. सत्कारमूर्तीला भेटण्याची मला कधी गरज वाटली नाही. माणसं वेगवेगळी असतात, मानपत्र एकच असतं. नाव आणि गाव कळलं की अर्ध्या तासात दीड पान होतं. ते वाचलं जात असताना सत्कारमूर्तीचे डोळे भरून येतात, कारण आपण इतके चांगले आहोत हे त्यांनाही तेव्हाच कळत असतं.

म्हणून आमच्या गावच्या सरपंचबाई पिशवीभर वांगी घेऊन घरी आल्या, तेव्हा काम काय असणार हे मला दारातच समजलं. फक्त माणूस कोण, ते समजलं नव्हतं.

आमचं गाव नागपूर जिल्ह्यातच, खाप्याच्या पुढे. गावाने तीन उन्हाळे श्रमदान करून टेकडीवर चर खोदले, दगडी बांध घातले, नाला रुंद केला. तो अरुंद राहिला फक्त एका ठिकाणी, माझ्या काकांच्या शेताजवळ. काठाची पट्टी सोडायला काका तयार नव्हते. पावसाळ्यात पाणी तिथे येऊन तुंबायचं, काठ फोडायचं आणि वरचे दोन बांध सोबत घेऊन कन्हान नदीला मिळायचं. उन्हाळ्यात गाव ते दोन बांध पुन्हा बांधायचं. चौथ्यांदा ते बांधायला आता कुणी येईल असं बाईंना वाटत नव्हतं. म्हणजे सगळंच काम वाहून जाणार होतं.

नागपूरची एक संस्था पाणलोटाचं काम करणाऱ्या शेतकऱ्यांचा सत्कार करणार होती. गावातून एक नाव द्यायचं होतं. बाईंनी माझ्या काकांचं नाव सांगितलं. मी म्हणालो, त्यांनी तर काहीच केलं नाही.

"म्हणूनच तं," बाई म्हणाल्या. "ज्यानं केलं त्याले सत्कार कायले पायजे भाऊ? तो तं करूनच राहिला. एकदा खांद्यावर शाल पडली का मंग माणसाले नाही म्हणता येत नाही."

गावाने हे सगळ्यांच्या संमतीने ठरवलं होतं. काकांना बोलावलं नव्हतं, एवढंच.

खरं म्हणजे मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला भलताच आनंद झाला. लिहिताना आड यायला एकही खरी गोष्ट नाही, असा विषय मला प्रथमच मिळाला होता. काकांनी नाल्याकाठची अर्धा एकर जमीन गावासाठी हसत हसत सोडली, असं मी लिहिलं. काठावर करंज आणि बांबू लावून माती धरून ठेवली, असं लिहिलं. घरोघरी जाऊन लोकांची मनं वळवली, असंही लिहिलं. संस्थेला ही शिफारस इतकी आवडली की तीच मानपत्र म्हणून घेताना त्यांनी एक शब्द बदलला नाही. लेखक म्हणून मला त्याचा अभिमान वाटला. पुतण्या म्हणून काय वाटलं, ते मी स्वतःला विचारलं नाही.

सत्काराला काका इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून आले. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या, मूलबाळ नाही, त्यामुळे सोबत मीच होतो. निवेदिकेने मानपत्र फार सुंदर वाचलं. काका खाली मान घालून ऐकत होते, शाळेत प्रगतिपुस्तक वाचून दाखवतात तेव्हा पोरं ऐकतात तसे. शाल झाली, श्रीफळ झालं, कुंडीतलं रोप झालं. मग दोन शब्द बोलायला सांगितलं. काकांनी माईक हातात घेतला, "धन्यवाद" म्हणाले आणि खाली बसले. सरपंचबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

आठवड्याने काकांचा फोन आला. सकाळी ये म्हणाले, कशाला ते सांगितलं नाही.

गेलो तर नाल्याकाठी जेसीबी उभा होता. चालक बिडी ओढत होता. काकांनी मानपत्र फ्रेममधून काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं होतं. ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "वाच. एकेक वाक्य वाच. घाई करू नको."

मी वाचलं. अर्धा एकर आलं तसं त्यांनी मला थांबवलं.

"अर्धा? मोजली होती का तुनं?"

मी खरं सांगितलं. मोजली नव्हती, अर्धा एकर ऐकायला बरं वाटत होतं.

"सरपंचबाई पाव मागत होती," काका म्हणाले. मग चालकाकडे वळून त्यांनी अर्ध्या एकराच्या खुणा दाखवल्या. माझ्या एका शब्दापायी काकांची पाव एकर जास्तीची काळी जमीन माझ्या डोळ्यांदेखत नाल्यात गेली. कमी लिहा असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

करंजाची आणि बांबूची रोपं त्यांनी आधीच आणून ठेवली होती. ती पाऊस पडल्यावर लावणार होते. घरोघरी जाऊन मनं वळवण्याचं वाक्य आलं तेव्हा मला वाटलं, हे तरी सुटलं, कारण वळायला कुणी उरलंच नव्हतं. काका दुपारी गावात निघाले. मी मागे. प्रत्येक घरी बसून त्यांनी लोकांना पाणी अडवण्याचं महत्त्व सांगितलं. ज्यांनी तीन उन्हाळे घमेली वाहिली होती, त्यांनी ते मान डोलावून ऐकलं आणि चहा दिला. एकही जण हसला नाही. अकरा चहा झाल्यावर मी मोजणं सोडून दिलं.

संध्याकाळी नाल्यावर परत आलो. जेसीबी गेला होता. जिथे पाण्याचा गळा आवळला जात होता तिथे आता रुंद, ओली माती होती. मी काकांना विचारलं, हे इतकं सोपं होतं तर तीन वर्षं 'नाही' का म्हणत राहिलात?

काका काठावर बसले.

"पयल्या दिवशी पन्नास माणसं आले अन् सांगतलं, पट्टी सोडा लागन. इचारलं नाही, सांगतलं. म्या चारचौघात नाही म्हटलं. मंग हो म्हणायले रस्ताच नव्हता गा. बायको असती तं तिनं काढला असता काही." मग म्हणाले, "बाईची चाल समजत नव्हती असं नाही. म्हटलं, चला, निमित्त तं भेटलं."

त्या तीन वर्षांत मी किमान दहा वेळा गावी आलो होतो. जेवायचो, तुरीची डाळ डिक्कीत टाकायचो आणि अंधार पडायच्या आत धरमपेठेत पोहोचायचो. या माणसावर मी दीड पान लिहिलं होतं आणि त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता.

"एक वाक्य राहिलं," काका म्हणाले. "सगळ्यात खालचं."

ते वाक्य मी प्रत्येक मानपत्रात घालतो. लिहिताना त्याकडे बघतही नाही. मी वाचलं, "या सर्व वाटचालीत त्यांच्या कुटुंबीयांची त्यांना खंबीर साथ लाभली."

"बाकीचं म्या खरं केलं," ते म्हणाले. "हे माह्या हातचं नाही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

काका उठले, कपडे झटकले आणि नेहमीसारखं विचारलं, जेवून जाशीन ना.

मी म्हटलं, राहतो.